चाळिशीनंतर स्कूबा आणि सर्फिंग: आधी काय, मग काय

सर्फिंग आणि स्कूबा डायव्हिंग दोन्ही शिकायचं मनात असेल आणि वय पंचेचाळिशीच्या आसपास असेल, तर माझा सल्ला सरळ आहे: आधी स्कूबा, मग सर्फिंग. बहुतेक जण उलटं करतात. फळी घेऊन लाटांत शिरणं सोपं वाटतं आणि पाठीवर सिलिंडर बांधून खाली जाण्याची धास्ती वाटते. पण शरीराला जास्त दमवते ती फळी. स्कूबाला शांतपणा लागतो, आणि तो विशीत असतो त्यापेक्षा या वयात बराच जास्त असतो. शिवाय स्कूबाचा पहिला कोर्स चार-पाच दिवसांत होतो, तर सर्फिंगसाठी खांदे आणि कंबर तयार व्हायला दोन-तीन महिने जातात. ती तयारी घरी सुरू ठेवा आणि मधल्या काळात स्कूबा शिकून घ्या.

फॉर्म खरा भरा

कुठलीही जबाबदार डायव्हिंग संस्था आधी आरोग्याची प्रश्नावली हातात देते. सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावलीत ४५ वर्षांवरच्यांसाठी वेगळा भाग असतो: धूम्रपान करता का, कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे का, रक्तदाब आहे का, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला का. यातलं एक जरी उत्तर ‘होय’ असलं तर डॉक्टरांची सही लागते. सुट्टी वाया जाईल या भीतीने इथे खोटं लिहिणारे पुष्कळ असतात. तसं करू नका, आणि का ते समजून घ्या.

माणूस गळ्यापर्यंत पाण्यात उतरला की पाण्याच्या दाबाने पायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं. हातपाय हलवण्याआधीच हृदयावरचा भार वाढलेला असतो. (पाण्यात शिरताच लघवीला होते, तीही याचमुळे.) रक्तदाब ताब्यात नसेल तर क्वचित फुप्फुसांत पाणी साचू लागतं, खोकला येतो, धाप लागते. तसं वाटलं तर लगेच जोडीदाराला खूण करून, न घाबरता, ठरलेल्या वेगाने वर यायचं आणि पाण्याबाहेर पडायचं. म्हणून सुट्टीच्या आदल्या दिवशी नव्हे, निदान महिनाभर आधी डॉक्टरांकडे जा आणि डायव्हिंगसाठी तपासणी हवी आहे असं स्पष्ट सांगा.

पाण्याखाली श्वास

पाठीवरच्या नळकांड्यात ऑक्सिजन असतो हा सार्वत्रिक गैरसमज आहे. नवशिक्यांच्या सिलिंडरमध्ये दाबून भरलेली साधी हवाच असते. खोल पाण्यात तिच्यातला नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि वर येताना हळूहळू बाहेर पडावा लागतो. डायव्हिंगचे निम्मे नियम या एका गोष्टीतून आलेत.

उरलेले नियम दाबातून येतात. समुद्रात दर १० मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट, ३० मीटरवर चौपट. १० मीटरवर घेतलेला श्वास रोखून वर आलात तर तीच हवा पृष्ठभागाशी दुप्पट जागा मागते, आणि फुप्फुसं फाटू शकतात. त्यामुळे पहिला नियम असा: श्वास कधीही रोखायचा नाही. मिनिटाला ९-१० मीटरपेक्षा वेगाने वर यायचं नाही, आणि पाण्याबाहेर डोकं काढण्याआधी ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं.

खरी अडचण मात्र बहुतेकांना कानांची येते. मलाही आली. पहिल्या दिवशी बाकीचे खाली गेले आणि मी तीन मीटरवर कान दाबून अडकलो. चूक माझीच होती: मी दुखायची वाट बघत होतो. कान दुखण्याआधीच, पहिल्या हातभर अंतरापासून, नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं किंवा गिळायचं, आणि हे दर अर्ध्या-एक मीटरला करायचं. दोरीला धरून पाय खाली ठेवून उतरलं तर सोपं जातं. कान उघडले नाहीत तर थोडं वर यायचं, पुन्हा प्रयत्न करायचा. जोराने फुंकायचं नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरायचंच नाही. नाक मोकळं करणाऱ्या औषधाचा असर खालीच उतरला तर वर येताना कान अडकतो.

पहिल्या कोर्सची मर्यादा १८ मीटर आहे, आणि ती भरपूर आहे. लाल रंग तर पहिल्या काही मीटरांतच फिका पडतो. सर्वांत रंगीत दुनिया उथळ पाण्यातच दिसते. कोर्सला साधारण २०० मीटर न थांबता पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं जमावं लागतं. वेगाची अट नाही, पण आधी तलावात सराव करून जा. आणखी एक छोटी, पण या वयातली महत्त्वाची गोष्ट: जवळचं वाचायला चष्मा लागत असेल तर मास्कच्या काचेला आतून चिकटवायची वाचनाची भिंगं मिळतात. हवा किती उरली हे दाखवणारा काटा वाचता आलाच पाहिजे.

दरम्यान, घरच्या फरशीवर

सर्फर पाण्यात असतो तेव्हा निम्म्याच्या आसपास वेळ तो हातांनी वल्हवत असतो. लाटेवर उभं राहणं त्यातला अगदी छोटा तुकडा. म्हणून तयारी खांद्यांपासून. आठवड्यातून दोनदा पोहा, रबरी पट्टा मागे ओढण्याचे व्यायाम करा, आणि कंबर मोकळी करायला खोल बैठका घाला.

मग उभं राहण्याचा सराव. पालथे झोपा, तळवे छातीच्या खालच्या फासळ्यांजवळ टेका, नजर समोर. तळव्यांवर जोर देऊन छाती उचला, मागचा पाय फळीवर आडवा ठेवा, मग पुढचा पाय दोन हातांच्या मध्ये आणा आणि गुडघे वाकवून उभे राहा. एकाच उडीत जमलं नाही तर दोन टप्प्यांत करा, पण गुडघ्यांवर टेकून उठायची सवय लावू नका. ती नंतर सुटत नाही. रोज दहा वेळा, महिनाभर.

पाण्यात उतरताना आठ-नऊ फुटी मऊ फळी घ्या. छोट्या, देखण्या फळीचा मोह नको. फळीचं आकारमान लिटरमध्ये लिहिलेलं असतं, तो आकडा तुमच्या किलोमधल्या वजनाहून कमी नसावा. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहा आणि फुटून गेलेल्या लाटेचा पांढरा फेस पकडा. निदान चार-पाच सत्रं एवढंच. फळी कधीही तुमच्या आणि लाटेच्या मध्ये धरू नका. लाट ती तुमच्याच तोंडावर आणते. पडाल तेव्हा आडवे, पसरून पडा आणि वर येताना हातांनी डोकं झाका.

लाटांच्या मधला जो पट्टा शांत दिसतो, जिथे फेस नाही, तिथूनच बऱ्याचदा पाणी समुद्राकडे परत ओढलं जात असतं. त्यात सापडलात तर फळी सोडू नका, किनाऱ्याला समांतर जा, मग परत वळा.

पालथं पडून पाठ ताणल्यामुळे नवशिक्यांना क्वचित मज्जारज्जूची इजा होते. कंबरेत अचानक कळ आली किंवा पायांत मुंग्या, अशक्तपणा जाणवला तर त्याच क्षणी बाहेर या आणि दवाखाना गाठा. ‘थोडं ताणलं असेल’ म्हणत पुन्हा आत जाऊ नका.

जपानचे सेइइची सानो ऐंशीव्या वर्षी सर्फिंगकडे वळले, आणि २०२३ मध्ये सर्वांत वयस्कर पुरुष सर्फर म्हणून गिनीजने त्यांची नोंद केली.

दोन्ही एकाच दिवशी नको

डाइव्ह करून आल्यावर शरीरात नायट्रोजन शिल्लक असतो, आणि जोराच्या श्रमांनी त्याचे बुडबुडे व्हायचा धोका वाढतो. त्यामुळे डायव्हिंगच्या दिवशी संध्याकाळी फळी नाही. सुट्टी आखताना स्कूबाचे दिवस आधी, मग एक रिकामा दिवस, मग लाटा असा क्रम ठेवा. याचा आणखी एक फायदा होतो: विमानप्रवासाआधी एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात, आणि हे अंतर आपोआप पाळलं जातं.