शाळेत दुरुस्ती वर्ग कसा सुरू करावा

बिघडलेली वस्तू टाकून नवी आणण्याची सवय मोडायची असेल, तर चक्रीय अर्थव्यवस्थेची (वस्तू टाकून न देता पुन्हापुन्हा वापरात ठेवणाऱ्या व्यवस्थेची) व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा मुलांच्या हाती पाना आणि पक्कड देणे अधिक उपयोगाचे आहे. मार्टिन पोस्टमा यांनी २००९ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये पहिला ‘रिपेअर कॅफे’ भरवला, तो लोकांनी जाणकारांच्या शेजारी बसून आपल्या वस्तू स्वतः दुरुस्त कराव्यात म्हणून. हे आपल्या माध्यमिक शाळांतही जमण्यासारखे आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पाबळ येथे स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाचा मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम जेथे चालतो, तेथे तर हत्यारेही हाताशी असतात.

महिन्यातील एक शनिवार ठरवावा आणि सुरुवात सायकल, दप्तर व छत्री यांपासून करावी. परिसरातील शिंपी, चर्मकार आणि सायकल दुरुस्त करणारे कारागीर यांना शिकवण्यासाठी बोलवावे व त्या दिवसाचे योग्य मानधन द्यावे. त्यांचे कौशल्य फुकट मागणे हा त्यांचा अवमान आहे, असे मला वाटते. दप्तराची चेन उघडी राहत असेल तर अनेकदा फक्त रनर बदलून काम भागते, हे मुलांना स्वतः करून पाहू द्यावे.

विजेची उपकरणे नंतर, आणि इलेक्ट्रिशियनच्या उपस्थितीतच घ्यावीत. पंखा मंद फिरत असेल तर बहुधा कपॅसिटर (मोटरला फिरण्यासाठी जोर देणारा छोटा विद्युत भाग) कमजोर झालेला असतो. मिक्सरची मोटर फिरते पण भांड्यातील पाते फिरत नसेल, तर कपलर (मोटर व पाते जोडणारा भाग) झिजलेला असण्याची शक्यता मोठी. मात्र मायक्रोवेव्ह आणि फुगलेल्या बॅटरीचा मोबाइल मुलांना उघडू देऊ नये. दुरुस्त न होणाऱ्या वस्तू २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांपर्यंत पोहोचतील, अशी व्यवस्था आधीच करून ठेवावी.

या उपक्रमाचा गाभा मात्र नोंदवहीत आहे. वस्तू कोणती, बिघाड कोणता, सुटा भाग मिळाला का, खर्च किती आला आणि उघडताना काय तुटले, हे प्रत्येक वेळी लिहावे. स्क्रूऐवजी डिंकाने चिकटवलेले झाकण, बाजारात स्वतंत्र न मिळणारे प्लास्टिकचे दातेरी चाक, अशा नोंदी साठत गेल्या की बिघाडाचे मूळ कित्येकदा वस्तूच्या रचनेतच असते, हे मुलांच्या ध्यानात येते. तेथूनच नव्या कल्पना सुरू होतात: तोच भाग वेगळा कसा घडवता येईल, याचे रेखाचित्र व पुठ्ठ्याचा नमुना विज्ञान प्रदर्शनासाठी करून घ्यावा.

फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून स्मार्टफोन, लॅपटॉप यांसारख्या काही वस्तू विकताना दुरुस्तीसुलभतेचे, म्हणजे ती वस्तू किती सहज दुरुस्त होते याचे, दहापैकी गुण दाखवणे बंधनकारक झाले. विद्यार्थ्यांनीही दहापैकी गुण द्यावेत आणि कमी गुणांच्या वस्तूंच्या उत्पादकांना कारणांसह पत्रे लिहावीत. ती मुख्याध्यापकांच्या सहीने पाठवावीत व येणारी उत्तरे नोंदवहीतच चिकटवावीत.