मोकाट घोडी आणलीय? मग आधी घाई सोडा

आमची घोडी गोदेकाठी मोकाट फिरायची, वरातीतली होती की टांग्याची की जन्मापासूनच तशी, कुणालाच माहीत नाही. मळ्यात आणल्यावर पहिली चूक आम्हीच केली, बरगड्या दिसत होत्या म्हणून घमेलंभर चंदी (म्हणजे दाण्याचा खुराक) पुढे ठेवली आणि रात्री पोट फुगलं. घोड्याला उलटी होत नाही बरं का, गेलं ते गेलं, त्यामुळे उपाशी जनावराला आधी फक्त वाळलेलं गवत, थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. हरभरा-भरडा नंतर बघू. ३०० किलोच्या घोडीला दिवसाला साधारण ६ किलो सुका चारा लागतो, पाणी २५-३० लिटर, उन्हाळ्यात अजून जास्त, आणि मिठाचा खडा कायम.

आता नाशिककरांसाठी खास, कांद्याची पात किंवा खराब कांदे अजिबात टाकू नका, गाईला लोक घालतात म्हणून हिलाही चालतील असं नाही, रक्त बिघडतं. द्राक्षबागेतलं फवारणी झालेलं गवतपण नको.

इतर घोडे असतील तर वेगळी बांधा आणि सरकारी पशुवैद्यकाकडून रक्त तपासून घ्या, ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग माणसालाही होतो. पक्की तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. धनुर्वाताची लस आणि जंताचं औषधही तेव्हाच विचारा.

हात लावायचं म्हणाल तर, पाठीमागून कधीच जाऊ नका, दुगाणी बसली की कळतं. नाकासमोर आणि शेपटीमागे तिला दिसत नाही, म्हणून तिरकं खांद्याकडून जायचं, कान मागे गेले की थांबायचं, कान सैल झाले की आपणच दोन पावलं मागे यायचं. हे मागे येणंच महत्त्वाचं, तिला कळतं की हा माणूस ऐकतो. आमची अठराव्या दिवशी स्वतः हाताला नाक लावून गेली, मोरकी (तोंडाभोवतीची दोरी) घालायला मात्र दीड महिना लागला (शेजारचे काका रोज म्हणायचे दोर टाका नि पाडा, नाही ऐकलं). खरारा, म्हणजे ब्रशने अंग घासणं, त्यानंतर.

घोडी पाय उचलून द्यायला शिकल्यावरच नालबंदाला बोलवा, खूर ६ ते ८ आठवड्यांनी तासायचे, मातीतच फिरणार असेल तर नाल ठोकायची घाई नको. पावसाळ्यात चिखलात उभी ठेवली तर खूर सडतात, खालून काळं आणि घाण वास आला की समजायचं, म्हणून गोठ्यात मुरूम टाकून थोडी उंच जागा करा आणि खुरातली घाण रोज काढा.