पोरांना धंदा शिकवायचा वर्ग घेताय? आधी हे जमवून ठेवा

हॉल, खुर्च्या, फळा, प्यायचं पाणी, हजेरी. हे होतंच. प्रोजेक्टर नसला तर उत्तम, स्लाइड असल्या की शिकवणारा बोलत सुटतो आणि पोरं मोबाईल काढतात.

पहिलं काम, वर्गाची जाहिरात करायच्याही आधी, पोरं गटागटाने बनवलेला माल जिथे विकणार ती विक्रीची जागा ठरवा. जिथे पोरांना कुणी ओळखत नाही अशी जागा. मागच्या वेळी हेच राहिलं, परवानगी मागायला उशीर झाला मग हॉलमध्येच टेबलं मांडली, आई-बाबा, मावश्या, काका आले आणि बघता बघता माल खलास. पोरं खूश, पण धंद्यातलं कळलं काय तर शून्य, कारण मावशी घासाघीस करत नाही, माल परत करत नाही, वस्तू कशी का असेना ती भाच्याकडून घेतेच. तेव्हा जागेच्या परवानगीचा अर्ज आजच, लेखी, आणि गिऱ्हाईक अनोळखी.

मग वह्या. गटागटाला एक जमाखर्चाची वही आणि पैशांना वेगळा डबा. ॲप नको, निदान सुरुवातीला तरी. खिशातले आणि धंद्याचे पैसे एकदा मिसळले की नफा झाला का तोटा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. उधारीला वेगळा रकाना हवाच, उधारीवर विकलं की वहीत नफा दिसतो पण उद्याचा माल आणायला रोकड नसते, आणि चांगला चाललेला धंदाही तिथेच बसतो.

हिशोबाचं एक उदाहरण तयार ठेवा. वस्तू 50 ला विकायची, माल 30 चा, म्हणजे नगामागे सुटले 20. टेबलाचं भाडं 600 असेल तर पहिले 30 नग नुसतं भाडं फेडण्यात जातात, कमाई 31व्या नगापासून. 40 विकले तर हातात 200. आता विचारा, एक नग करायला किती वेळ लागतो? अर्धा तास म्हटलं तर 20 तास गेले, तासाला 10 पडले. इथे चेहरे उतरतात, उतरू द्या, भाव ठरवायची अक्कल त्यानंतरच येते. नंतर हेच गणित त्यांच्या आकड्यांवर त्यांनीच करायचं, तुम्ही खडू हातात घ्यायचा नाही.

माल बनवण्याआधी लोकांशी बोलायला पाठवा, पण प्रश्न लिहून देऊन. ‘तुम्ही हे घ्याल का?’ हा प्रश्न बाद, तोंडावर नाही कोण म्हणतंय. ‘सध्या हे काम कसं भागवता, मागच्या वेळी किती पैसे गेले?’ असं विचारायचं. ॲडव्हान्स दिला तर खरं. आणि हे प्रश्नसुद्धा अनोळखी लोकांनाच, शेजारच्या काकूंना नाही! पालकांना आधीच सांगून ठेवा की विक्रीच्या दिवशी येऊ नका, आलात तर लांबून बघा, खरेदी बंद. राग येईल, येऊ दे.

पालकांच्या सह्या घ्या. बहुतेक देशांत 18 च्या आतल्याने केलेला करार सहसा टिकत नाही, त्यामुळे जागेच्या कागदावर मोठ्या माणसाचीच सही लागते.

दोस्त-दोस्त मिळून करत असतील तर कोणी किती घातले, नफा कसा वाटायचा, मध्येच कोणी सोडलं तर काय, एवढं एका कागदावर. नाहीतर भांडण पहिल्याच आठवड्यात.

विक्रीच्या दिवशी सुट्टे पैसे, भावाची पाटी, पिशव्या. परवानगीची प्रत सोबत. पुन्हा सांगतो, परवानगी.

नंतरचं पटापट. ज्युनियर अचिव्हमेंट ही पोरांना धंदा शिकवणारी संस्था 1919 पासूनची, त्यांच्या कंपनी उपक्रमात पोरं शेअर विकून भांडवल उभं करतात आणि शेवटी कंपनी रीतसर बंद करून हिशोब चुकता करतात. तो बंद करायचा भाग आपणही घ्यायचा. उधारी वसूल, उसने परत, उरलेलं वाटून वहीवर सगळ्यांच्या सह्या. मग अनुभव सांगताना तोटा झालेल्या गटाने आधी बोलायचं. सर्टिफिकेट द्यायचं तर द्या. उरलेला माल ज्याचा त्याने घरी न्यायचा, हॉलच्या कपाटात कोंबायचा नाही.