गोधडी शिवताय? या चुका सुईत दोरा ओवण्याआधीच टाळा

गोधडी बिघडते ती बहुतेक वेळा पहिला टाका पडण्याआधी. लक्षात येतं मात्र दोन-तीन आठवड्यांनी, मध्यावर पोचल्यावर, नाहीतर पहिल्या धुण्यानंतर. मग शिकणारे म्हणतात, "माझा टाकाच सरळ येत नाही." टाका ठीक असतो. साडीचा फॉल उसवलेला नसतो, नवं कापड धुतलेलं नसतं, थर धरून ठेवणारे तात्पुरते कच्चे टाके घातलेले नसतात. शिवणाच्या प्रत्येक नव्या तुकडीत याच चुका त्याच क्रमाने होतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिलेलं बरं.

इथे गोधडी म्हणजे जुन्या सुती साड्यांचे थर, वर ठिगळांचा थर आणि सगळ्यांतून आरपार जाणारा धावदोरा. कोल्हापूर-सांगलीकडे हिलाच वाकळ म्हणतात. कापूस भरलेली दुलई ही वेगळी वस्तू, तिचं गणित वेगळं.

साडी जशीच्या तशी आत घालणं

कपाटातली जुनी साडी काढली, चौघडी केली, घातली आत. इथूनच पुढची दुखणी सुरू होतात. आधी फॉल उसवा. फॉलची पट्टी साडीपेक्षा वेगळ्या कापडाची असते आणि धुतल्यावर वेगळी आटते, त्यामुळे आत लपलेला फॉल गोधडीत दोरीसारखा उठून दिसतो. पिको केलेली कडही कापून टाका. जरीचा किंवा जाड काठ थरांच्या मधोमध येऊ देऊ नका. तो कापून वरच्या थरात कडेला लावला तर शोभतो, आत राहिला तर तिथे सुई अडते.

मग साडी उजेडासमोर धरा. निऱ्यांचा आणि बसण्याचा भाग सगळ्यात विरलेला असतो, पदराकडचा टणक असतो. दोन्ही अंगठ्यांनी कापड ताणून बघा. 'चर्र' आवाज आला तर तो भाग आतल्या थरालाही चालणार नाही. विरलेलं कापड टाका धरत नाही, धुताना टाक्याभोवतीच फाटतं.

साडी सुती आहे का, हे हाताला लागेलच असं नाही. काठाजवळचा एक धागा ओढून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो, त्याची मऊ करडी राख होते. सिंथेटिक धागा वितळतो आणि टोकाला कडक मणी होतो. मणी झाला की ती साडी गोधडीत घालू नका, कितीही सुंदर असली तरी. ती सुती थरांवरून घसरत राहते, घाम शोषत नाही आणि शेजारचं कापड आटल्यावर स्वतः फुगून बसते. 'आजीची आठवण म्हणून घालायचीच आहे' असं असेल तर तिचा एक हातभर तुकडा वरच्या थरात, चारही बाजूंनी सुती ठिगळांच्या मध्ये लावा. तिथे ती दिसेल आणि टिकेलही.

कच्चे टाके टाळणं

सगळ्यात जास्त गोधड्या या चुकीने गेल्या आहेत. आपली गोधडी पारंपरिक पद्धतीने कडेपासून सुरू होते आणि फेऱ्या घेत घेत आत मध्यापर्यंत जाते. पद्धत उत्तम आहे, कारण कडा आधी बांधल्या जातात. पण तिचा एक स्वभाव आहे: थरांमध्ये जेवढी ढिलाई असेल तेवढी सगळी ती आत ढकलत नेते. प्रत्येक टाक्याला सुईपुढचं वरचं कापड केसभर सरकतं. एका टाक्यात ते दिसत नाही. फेरीमागून फेरी साठत जातं.

वर्गात आलेल्या एका गोधडीचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. माप ६० बाय ९० इंच. तळाला मांजरपाट (जाडसर, न रंगवलेलं सुती कापड), आत तीन सुती साड्या, वर ठिगळं. ठिगळं इतकी नेमकी जोडलेली की चौकांचे कोपरे कुठेही चुकले नव्हते. कच्च्या टाक्यांऐवजी चार कोपऱ्यांत आणि चार बाजूंच्या मध्यावर मिळून आठ सेफ्टी पिना. फेऱ्या एक-एक इंचावर. सातव्या फेरीपर्यंत सगळं छान. आठव्या-नवव्या फेरीला मध्ये फुगवटा दिसायला लागला. तो 'पुढे बसेल' म्हणून दाबत पुढे नेला. अकराव्या फेरीला वरच्या थरात एक चुणी घालून तिच्यावरूनच टाका घातला, बाराव्याला दोन चुण्या, तेराव्याला तीन. एका चुणीवर सुई मोडली तेव्हा काम थांबलं. गोधडी उलटी करून पाहिली, तर खालचं मांजरपाट ढोलासारखं ताठ आणि वरची बाजू ताटाएवढी उमटून आलेली.

उपाय एकच होता: चौथ्या फेरीपासून तेराव्यापर्यंत दहा फेऱ्या उसवणं. तो जवळजवळ साठ मीटर धावदोरा होतो. मग कच्चे टाके घालून पुन्हा शिवणं. चुण्या घातलेल्या जागी जुनं कापड इतकं दुखावलं होतं की तीन ठिगळं बदलावी लागली. कच्च्या टाक्यांना दोघींना एक दुपार लागली असती.

कच्चे टाके असे घाला. फरशी झाडून-पुसून कोरडी करा. तळाचं कापड उलटं पसरा, चारही कोपरे आणि कडा चिकटपट्टीने फरशीला बसवा. कापड सपाट हवं, ताणलेलं नको, कारण ताणून चिकटवलेलं कापड सोडल्यावर आखडतं. हे कापड वरच्यापेक्षा चारही बाजूंनी दोन इंच मोठं ठेवा. त्यावर एकेक साडी पसरा आणि प्रत्येक थर तळहातांनी मध्यापासून कडेकडे निपटत आणा. दोन साड्या जोडायच्या असतील तर कडा एकावर एक चढवू नका, शेजारी-शेजारी आणून सैल टाक्याने अडकवा, नाहीतर तिथे पट्टा उठतो. सगळ्यात वर ठिगळांचा थर. आता लांब सुईने दोन-दोन इंचांचे टाके, मध्यापासून चारही दिशांना. मग चार-चार इंचांवर उभ्या ओळी, ६० इंच रुंदीला साधारण पंधरा, आणि वीतभर अंतराने आडव्या. दोरा पांढरा घ्या. लाल किंवा काळ्या दोऱ्याचा रंग फिक्या कापडावर उतरू शकतो.

कच्चा टाका मध्यापासून बाहेर आणि पक्का टाका कडेपासून आत, हे उलटसुलट वाटतं पण मुद्दाम आहे. ढिलाई आधी बाहेर काढून टाकायची आणि मग कड बांधायची. पक्की फेरी घालताना जिथपर्यंत पोचलात तिथलेच कच्चे टाके काढा, पुढचे राहू द्या. चिकटणारे स्प्रे आणि कापडाचा डिंक यांनी हे काम होतं असं सांगणारे बरेच आहेत. हाताने शिवायच्या पाच थरांच्या गोधडीला ते वापरू नका. सुई चिकट होते आणि प्रत्येक टाका ओढून काढावा लागतो.

फुगवटा दिसायला लागला असेलच, तर तो बोटभर उंचीचा असतानाच थांबा. मागच्या दोन-तीन फेऱ्या उसवून थर पुन्हा निपटता येतात. चुणी घालणं हा उपाय नाही.

नवं कापड न धुता वापरणं

वरच्या थराला नवं कापड आणि आत जुन्या साड्या, ही आताची सर्रास पद्धत आहे. चालते, पण जुनी साडी आटायची तेवढी कधीच आटून गेलेली असते. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटतं, म्हणजे ९० इंचांना पावणेतीन ते साडेचार इंच. मांजरपाट त्याहून जास्त आटू शकतो. तो तळाला न धुता लावला की पहिल्या धुण्यानंतर गोधडी वाटीसारखी आत वळते. नवं कापड रात्रभर पाण्यात भिजवा, दुसऱ्या दिवशी धुवा, वाळवा, इस्त्री करा आणि मगच कापा.

रंगाचंही तेच. लाल, मरून, गडद निळा, काळा आणि बाटली हिरवा यांच्यावर विश्वास ठेवू नका. ओला पांढरा रुमाल कापडावर ठेवून वरून गरम इस्त्री दाबा. रुमालाला रंग लागला तर कापड पुन्हा धुवा. तीन-चार धुण्यांनंतरही लागत असेल तर त्या गोधडीतून ते बादच. मीठ किंवा तुरटीच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो, हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. तुरटी नैसर्गिक रंग चढवताना उपयोगी पडते. बाजारातल्या तयार रंगीत कापडाचा सुटणारा रंग तिने थांबत नाही, मिठानेही नाही. तो धुऊनच काढावा लागतो.

'पाव इंच' अंदाजाने घेणं

मशीनवर ठिगळं जोडताना शिवण पाव इंचाची, म्हणजे दोन सुतांची. शिकणारे प्रेशर फूटची कड कापडाच्या कडेला लावतात आणि तेच पाव इंच मानतात. प्रत्येक मशीनचा फूट वेगळा असतो. तुमच्या मशीनवर तो अडीच सूत देत असेल तर काय होतं ते बघा.

बाळाचं दुपटं, ३६ बाय ३६ इंच. साडेचार इंचांची ठिगळं, नऊ बाय नऊ, एकूण ८१. एका ओळीत आठ शिवणी. प्रत्येक शिवणीत दोन्ही ठिगळांचं अर्धं-अर्धं सूत जास्त गेलं, म्हणजे एका शिवणीला एक सूत. आठ शिवणींना आठ सूत, अख्खा एक इंच. कडेच्या शिवणीसकट साडेछत्तीसची ओळ साडेपस्तीस भरते. सगळ्या ओळी सारख्याच चुकल्या तर निदान चौकोन जुळतात. अर्ध्या ओळी सावकाश आणि अर्ध्या घाईत शिवल्या की मात्र कोपरे कधीच जुळणार नाहीत. मग ओळी ओढून-ताणून जुळवल्या जातात आणि वरचा थर लाटेसारखा होतो.

दोन मिनिटांचं काम आहे. सुईतला दोरा काढा. कागदाच्या सरळ कडेपासून दोन सूत आत पेन्सिलने रेघ मारा. तो कागद फूटखाली धरून चाक हाताने फिरवत सुई रेघेवर उतरवा. कागदाची कड जिथे आली तिथे मशीनच्या पाट्यावर जाड चिकटपट्टीचे तीन-चार थर लावा. आता कापड त्या पट्टीला टेकवून चालवा. पहिली तीन ठिगळं जोडून मापा: मधलं ठिगळ नेमकं चार इंच भरलं पाहिजे. भरलं नाही तर पट्टी सरकवा. हे न करता ८१ ठिगळं कापायला बसणाऱ्यांना थांबवणं वर्गातलं सर्वात अवघड काम आहे, आणि तेच सर्वात गरजेचं आहे.

खाली गुंतवळ झाली की बॉबिनचा स्क्रू पिळणं

कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं झालं की हात बॉबिन केसच्या स्क्रूकडे जातो. जाळं खाली असलं तरी चूक बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असते: तो टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण धरणाऱ्या, चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो. प्रेशर फूट खाली असताना दोरा ओवला की चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा वरून निसटतो. फूट वर करा, दोरा पूर्ण काढा, पुन्हा ओवा. तरीही नाही जमलं तर सुई बदला, मगच टेन्शनची चकती फिरवा. स्क्रू आधीच पिळून झाला असेल तर बॉबिन केस दोऱ्याला लटकवून बघा. ती आपोआप खाली घसरता कामा नये, हलका झटका दिल्यावर थोडी उतरली पाहिजे.

ठिगळांना १४ नंबरची सुई, गोटाला, म्हणजे कडेभोवती लावायच्या पट्टीला, १६. सगळे थर एकत्र घरच्या मशीनवर शिवायला जाऊ नका, खालचे दात तळाचं कापड पुढे नेतात आणि वरचं मागे राहतं.

बाकीचं थोडक्यात

दोरा हातभरच घ्या. दोन हात दोरा घेतल्याने वेळ वाचत नाही, गाठी सोडवण्यात जातो.

कापडाच्या कात्रीने कागद कापू नका आणि कुणाला कापू देऊ नका.

इस्त्री घासू नका, दाबून उचला. त्रिकोणी ठिगळांची उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, बाजू घासल्याने ताणली जाते आणि परत बसत नाही.

गाठ थरांच्या आत ओढून घ्या. बाळाच्या दुपट्याला बाहेर गाठ, मणी, आरसा, बटण, काहीही नको.

थर जास्त म्हणजे ऊब जास्त हे एका मर्यादेपर्यंत. सात थरांपुढे सुई नीट जात नाही आणि पावसाळ्यात गोधडी आतून वाळत नाही.

पहिलीच गोधडी डबल बेडची घेऊ नका. ६० बाय ९० ला इंच-इंच अंतराने फेऱ्या घेतल्या तरी सुमारे १३७ मीटर टाका होतो. पहिलं काम तीन थरांचं दुपटं असू द्या. त्यात सगळे धडे येतात आणि ते पूर्णही होतं.

गोट लावताना पट्टी ओढू नका. ओढलेल्या गोटाने कडा पापडासारख्या वळतात. ६० बाय ९० चा घेर ३०० इंच, पट्टी ३१२ इंच घ्या. अडीच इंच रुंद आणि दुहेरी दुमडलेली. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून आठ पट्ट्या निघाव्या लागतात, म्हणजे धुऊन आटण्यासकट पाऊण मीटर कापड. पट्ट्या एकमेकींना तिरक्या शिवणीने जोडा, म्हणजे जाडी एका जागी येत नाही. कोपऱ्याआधी दोन सूत थांबा, दोरा पक्का करा, पट्टी वर दुमडून खाली आणा आणि नव्या बाजूने सुरू करा.

पहिलं धुणं गार पाण्यात, एकटीचं. पिळू नका, दाबून पाणी काढा. ओली गोधडी फार जड होते आणि एका दोरीवर लटकवली तर स्वतःच्याच वजनाने टाके ताणते. दोन दोऱ्यांवर पसरून टाका, दुपारी उलटा, आणि घडी घालण्याआधी मधल्या भागावर हात ठेवून बघा. कडा वाळतात त्या दिवशी मध्य बहुतेक वेळा ओलाच असतो.