घरी पडलेल्या कॉम्प्युटरचा गावासाठी फाईल डब्बा कसा बनवायचा

फाईल डब्बा म्हणजे गावातल्या सगळ्यांना वायफायवरून फाईली देणारी एक मशीन. आधी सामान सांगतो, गप्पा नंतर. एक जुना डेस्कटॉप नाहीतर लॅपटॉप, एक साधा वायफाय राउटर, एक छोटी एसएसडी, एक मोठी हार्ड डिस्क आन् धूळ झाडायला ब्लोअर, बस. नेट एकदा माल भरायपुरतं लागते, मंग नाही लागत.

आता हे काहून करायचं. आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीच्या पट्ट्यात काय होते, टॉवर एकच, संध्याकाळ झाली की पोलीस भरतीवाले सगळे पोट्टे तोच व्हिडिओ, तोच जुना पेपर उतरवत बसतात आन् गोल चक्री फिरत राहते. ३०० एमबीची एक फाईल ४० मोबाईलवर गेली तं टॉवरवरून १२ जीबी आले, फाईल मात्र एकच. तीच फाईल गावात एका मशीनवर ठेवली तं टॉवरवरून ३०० एमबी येतील, बाकी सगळं घरच्या घरी वायफायवर, फुकटात. लोकं म्हणतात फाइव्ह जी आला की सगळं सुटेल, मी म्हणतो नाही सुटत, कारण स्पीड वाढला तरी फाईल कोणाच्या तरी दुसऱ्याच्याच मशीनवर राहते. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावती शहरात दंगलीनंतर नेट बंद केलं होतं, आठवत असेल. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२० मध्येच सांगून ठेवलं की बेमुदत नेट बंद करता येत नाही आन् ऑर्डर छापून जाहीर करा लागते, पण नेट बंद असताना ती ऑर्डर तुम्ही वाचणार कुठं. गावातल्या डब्ब्याला त्याचा फरक पडत नाही, तो चालूच राहते.

मशीन कोणती घ्यायची ते पहा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आन् विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप पाहिजे, इंटेलचा असला तं आठव्या पिढीचा प्रोसेसर तरी पाहिजे. म्हणून ऑफिसातले, कॉलेजातले चौथ्या-सहाव्या पिढीचे धडधाकट डब्बे भंगाराच्या भावात निघून राहिले. नागपूरला सीताबर्डीत गेले तं ढीग दिसते. मशीन म्हातारी झालेली नाही भाऊ, तिला कागदावर म्हातारी ठरवली. ऑगस्ट २०२३ ला सरकारनं लॅपटॉपच्या आयातीवर लायसन्स लावायचं जाहीर केलं, मंग गोंधळ झाला, मुदत पुढं ढकलली, शेवटी नुसती आयातीची परवानगी घ्यायची पद्धत आली. देशात बनवा म्हणतात, चांगलंच आहे, पण देशात आधीच असलेली मशीन दहा वर्षं जास्त चालली तं तीही बचतच आहे ना, त्याचं कोणी नाव काढत नाही.

घेताना ६४ बिट प्रोसेसर आन् ४ जीबी रॅम हे दोन बघाच. विंडोजच्या जागी आपण लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टिम टाकणार, ती २ जीबीवर चालते म्हणतात, चालते पण रडत रडत. एकदम जुना ३२ बिटवाला फुकट भेटला तरी सोडा, २०२५ च्या डेबियन १३ पासून (हेही एक लिनक्सच) त्याचा इन्स्टॉलरसुद्धा येत नाही. मदरबोर्डवर कपॅसिटरची (छोट्या उभ्या नळकांड्यांची) डोकी फुगलेली असतील तं नका घेऊ. चालू केल्यावर तारीख भलतीच मागची दाखवत असेल तं घाबरू नका, सीआर २०३२ चा सेल संपला, घड्याळवाल्याकडेही भेटते. जुनी हार्ड डिस्क मिळाली तं आधी विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं सॉफ्टवेअर लावून तब्येत बघा, रिॲलोकेटेड सेक्टरचा (म्हणजे खराब झालेल्या जागांचा) आकडा वाढत असेल तं त्या डिस्कवर काहीच ठेवू नका, दुकानदार कितीही म्हणो की चालते ना भाऊ.

डेस्कटॉप की लॅपटॉप? माझं मत लॅपटॉप, कारण लाईट गेली तरी बॅटरीवर थोडा वेळ निभते आन् खायला कमी. २० वॅटचा लॅपटॉप दिवसभर चालला तं अर्धं युनिट, महिन्याला १४-१५ युनिट. जुना डेस्कटॉप याच्या दुप्पट तिप्पट खाते. पण विदर्भाचा मे महिना लक्षात ठेवा, ४५ डिग्रीत कायम चार्जिंगवर ठेवलेली बॅटरी फुगते, टचपॅड वर उचललेला दिसला की समजून जा, मशीन बंद करा आन् बॅटरी दुकानात नेऊन काढा, घरी चाकू-पेचकस लावू नका, आग लागते. बॅटरी काढल्यावर बहुतेक लॅपटॉप सरळ चार्जरवर चालतात. झाकण लावल्यावर झोपू नको अशी सेटिंग पॉवरच्या पर्यायात राहते, ती करून ठेवा.

डेस्कटॉपच असला तं बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) शिरून एक गोष्ट कराच, 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' नावाची सेटिंग, ती 'पॉवर ऑन' वर ठेवा. म्हणजे लाईट गेली, आली, डब्बा आपला आपण उठून उभा राहते, रात्री दोनला कोणाला बटन दाबायला पाठवा लागत नाही. आमच्याकडं जेवढ्या वेळा लाईट जाते त्या हिशोबानं ही सेटिंग सगळ्यात महत्त्वाची, आन् बहुतेक व्हिडिओवाले हे सांगतच नाहीत, त्यांच्या शहरात लाईट जात नसेल. सोबत छोटा यूपीएस असला तं उत्तम, नसला तं निदान इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या, आन् अर्थिंग खरंच आहे का ते वायरमनला विचारा, बोर्डात तिसरं भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नाही.

धूळ. आता इथं जरा थांबतो कारण आपल्याकडची धूळ वेगळी आहे. वेचणी झाली की कापूस घरातच भरून ठेवतात, भाव येईपर्यंत, अन् त्याचा तो बारीक तंतू हवेत उडून पंख्यातून आत जाऊन हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांवर गादी बनवते, वरून काही दिसत नाही. मशीन गरम होते, प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करते, लोकं म्हणतात व्हायरस आला. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर उलटा जोरात फिरून बेअरिंग जाते. हीटसिंक काढला तं प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावा, तुरीच्या दाण्याएवढी पुरते, पराठ्याला लोणी लावल्यासारखी थापू नका. कापूस ज्या खोलीत आहे तिथं डब्बा ठेवायचाच नाही. आन् कूलरच्या झोतात तं अजिबातच नाही, थंड हवा येते म्हणून ठेवतात लोकं, पण ती ओली हवा, आतून गंज चढते.

आता जोडणी. डब्बा राउटरला केबलनं जोडा, वायफायनं नको. राउटरवर १०० एमबीपीएसचं पोर्ट असलं तं सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी जाईल, १ जीबीची फाईल दीड मिनिटात. गिगाबिट असलं तं त्याच्या दहापट, म्हणून नवीन घेत असाल तं गिगाबिटच घ्या. केबल कॅट ५ ई किंवा कॅट ६, पूर्ण तांब्याची, दुकानात स्वस्तात जी भेटते ती बरेचदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असते, विचारून घ्या. १०० मीटरच्या वर एका दमात ओढू नका.

एका घरातून दुसऱ्या घरात, नाहीतर ग्रामपंचायतीतून शाळेत न्यायचं असलं तं छतावरून तांब्याची लॅन केबल नेऊच नका. मृगाच्या विजा कशा पडतात आपल्याकडं माहीतच आहे, वीज खांबावर जवळपास कुठंही पडली तरी त्या तारेत दणका येते आन् दोन्हीकडची मशीनं जातात. फायबर टाका, काचेतून करंट जात नाही. नाहीतर दोन छतावर दोन वायरलेस ब्रिज (वायफायनं दोन जागा जोडणारे अँटेनावाले डब्बे) समोरासमोर, २०१८ पासून ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा घराबाहेर वापरायलाही बिनपरवाना आहे, ताकदीची मर्यादा पाळा म्हणजे झालं. माझ्या मते टेक्नॉलॉजीच्या धोरणात सरकारनं केलेलं हे एक खरंच कामाचं काम, पण गावात कोणालाच माहीत नाही, लोकं अजून विचारतात पोलीस पकडतील का.

सॉफ्टवेअरचं जास्त सांगत नाही, सोपं आहे. लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवर व्हेंटॉय नाहीतर रूफस या फुकटच्या सॉफ्टवेअरनं चढवा, एसएसडीवर इन्स्टॉल करा, मोठी हार्ड डिस्क ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट करा. फोल्डरवर राइट क्लिक करून शेअरिंगचा पर्याय निवडला की सांबा (नेटवर्कवर फोल्डर वाटायचं सॉफ्टवेअर) आपणच मागते, हो म्हणा. दोन फोल्डर करा, एकाचं नाव 'वाचा', त्यात फक्त बघता येते, पुसता येत नाही, दुसरं 'टाका', ज्याला काही द्यायचं असेल त्यानं तिथं टाकावं, मंग तुम्ही बघून 'वाचा' मध्ये हलवा. हे केलं नाही तं आठवड्यात सगळीकडं डीजेची गाणी आन् गुड मॉर्निंगचे फोटो भरतील. राउटरमध्ये जाऊन डब्ब्याचा नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) पक्का करून ठेवा, रोज बदलला तं लोकांना भेटणार नाही. मोबाईलवर व्हीएलसीतून लोकल नेटवर्क उघडलं की व्हिडिओ दिसतात, पीडीएफसाठी नेटवर्क फोल्डर उघडणारं कोणतंही फाईल मॅनेजर चालते. जुन्या विंडोज एक्सपीवाल्या मशीनसाठी एसएमबीची (फोल्डर वाटायच्या पद्धतीची) पहिली आवृत्ती चालू करायचा मोह होईल, करू नका, मे २०१७ चा वॉनाक्राय व्हायरस त्याच भोकातून घुसला होता.

कोणी म्हटलं माझ्या पेन ड्राइव्हमध्ये मोठी फाईल जात नाही, जागा तं आहे, तं तो पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये आहे, त्यात ४ जीबीच्या वरची एक फाईल बसतच नाही. आतलं काढून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून द्या.

काय भरायचं? पहिलं किविक्स, त्यात अख्खा विकिपीडिया एका फाईलमध्ये ऑफलाइन भेटते, मराठीचा तं साध्या पेन ड्राइव्हवर आरामात मावते, इंग्रजी फोटोसकट १०० जीबीच्या घरात जाते. मंग बालभारतीची पुस्तकं, साईटवर पीडीएफ फुकट आहेत. मंग लोकसेवा आयोगाच्या साईटवरचे जुने प्रश्नपेपर. मंग लिब्रेऑफिस, व्हीएलसी, मिंटच्या फाईली.

मोठ्या फाईली टोरंटनं उतरवा. टोरंट म्हटलं की लोकं चोरीच समजतात, पण २००१ मध्ये ब्रॅम कोहेननं हे बनवलं तेव्हा कल्पना साधी होती, फाईलचे तुकडे करा, ज्याच्याकडं जो तुकडा आहे तो त्यानं दुसऱ्याला द्यावा. आपल्यासाठी याचा फायदा वेगळाच आहे, लाईट गेली, नेट तुटलं, तरी पुढं तिथूनच सुरू होते, आन् प्रत्येक तुकडा तपासून घेतल्या जाते म्हणून फाईल अर्धवट सडत नाही. मिंट, डेबियन, किविक्स हे सगळे स्वतःच टोरंट देतात. आपलं काम झालं तरी रात्री थोडा वेळ चालू ठेवा, आपणही कोणाचा तरी तुकडा घेतलाच ना.

आता नाजूक विषय. 'टाका' फोल्डरमध्ये हमखास नवीन पिच्चर येतील आन् क्लासवाल्यांचे पैसे भरून घेतलेले व्हिडिओ येतील. पुसून टाका. कॉपीराइट कायदा १९५७ चा, कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आन् ५० हजार ते २ लाख दंड आहे, आन् डब्बा तुमच्या घरी आहे, पोट्ट्यांच्या नाही. पोट्टे म्हणतात शिकायसाठीच तं आहे, दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्सवाल्याला कोर्टानं सोडलं होतं. खरं आहे, सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टानं परदेशी प्रकाशकांची बाजू मानली नाही, पण तो मामला शिकवणीच्या अभ्यासक्रमातल्या उताऱ्यांच्या झेरॉक्सचा होता, अख्खा पेड कोर्स वाटायचा नाही.

पुस्तकांचा नियम सोपा, लेखक गेल्यावर ६० वर्षं कॉपीराइट राहते, मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून. साने गुरुजी १९५० ला गेले, त्यांचं सगळं मोकळं. बाबासाहेब १९५६, त्यांनी जिवंतपणी छापलेलं २०१७ पासून मोकळं. आपले तुकडोजी महाराज १९६८ ला गेले, म्हणजे ते १ जानेवारी २०२९ ला मोकळे होतील, ज्या गावात रोज सकाळी त्यांची प्रार्थना होते त्या गावाच्या डब्ब्यात तोपर्यंत विचारूनच ठेवा लागते. आधी ही मुदत ५० च होती, टागोरांची १९९१ च्या शेवटी संपत होती म्हणून तेव्हा १० वर्षं वाढवली, सगळ्यांचीच. मला ६० जास्तच वाटतात, पण आज कायदा हाच आहे.

दोन गोष्टी डब्ब्यात कधीच नको. आधार, सातबारा, बँक पासबुकचे स्कॅन, कोणी प्रिंट काढायला म्हणून टाकते आन् विसरून जाते, दिसलं की पुसा. आन् एपीके (मोबाईल ॲप टाकायच्या) फाईली. लग्नपत्रिका, पीएम किसान, लाईट बिल अशा नावानं येतात, उघडल्या की मोबाईलचे मेसेज तिकडं जातात आन् खातं साफ होते. कोणाचंही असो, एपीके दिसली की डिलीट.

कोणी म्हणेल सोबत नेटपण द्या ना, पैसे देतो. फाईल वाटणं वेगळं आन् नेट विकणं वेगळं. विकायचंच असलं तं डिसेंबर २०२० ला मंजूर झालेली पीएम-वाणी ही सरकारची सार्वजनिक वायफायची योजना आहे, त्यात किराणा दुकानवालाही वायफाय देऊ शकते, लायसन्स लागत नाही, पण नोंदणी असलेल्या ॲग्रीगेटरमार्फत (अशी दुकानं जोडणाऱ्या कंपनीमार्फत) जा लागते. आपला ब्रॉडबँडचा पासवर्ड असाच वाटू नका, उद्या कोणी काही केलं तं नाव तुमचं येईल. राउटरवर गेस्ट नेटवर्क असते, पण बहुतेक राउटरमध्ये गेस्टवाल्याला डब्बा दिसत नाही, म्हणून डब्ब्यासाठी नेट नसलेला वेगळा जुना राउटरच ठेवा, सोपं पडते.

शेवटी बॅकअप. दुसरी एक हार्ड डिस्क घ्या, महिन्यातून एकदा जोडा, नवीन जे आलं ते कॉपी करा, काढा आन् दुसऱ्या कोणाच्या घरी ठेवा. त्याच खोलीत त्याच बोर्डाला जोडून ठेवली तं वीज दोघींनाही घेऊन जाईल.