तांत्रिक निर्णय व्यवसायाच्या दिशेशी कसे जोडावेत

‘येत्या दोन वर्षांत आपल्याला दहापट वाढायचे आहे’ असे संचालकांनी सांगितले, की तांत्रिक विभाग बहुधा सर्व्हरची क्षमता वाढवण्याच्या तयारीला लागतो. परंतु दहापट ग्राहक हवे आहेत की दहापट मोठे ग्राहक, हे त्या वाक्यातून कळत नाही, आणि सगळी गोम तिथेच असते. लहान ग्राहक हजारोंनी येणार असतील, तर नोंदणीपासून बिलापर्यंतचे सारे काम माणसाच्या मदतीशिवाय पार पडले पाहिजे. मोजकेच पण मोठे ग्राहक हवे असतील, तर ते सिंगल साइन-ऑन (एकाच लॉगिनने सर्व प्रणालींत प्रवेश), ऑडिट लॉग (कोणी केव्हा काय केले याची नोंद), आपला डेटा इतरांपासून वेगळा ठेवण्याची सोय आणि सेवा अखंड चालण्याची लेखी हमी मागतात. छोट्या टीमला ही दोन्ही कामे एकाच वेळी झेपत नाहीत. म्हणून पुढील 12 ते 18 महिन्यांत कोणाला विकणार, कशाचे पैसे घेणार आणि काय मुद्दाम करणार नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे व्यवसाय सांभाळणाऱ्यांकडून आधी लिहून घ्यावीत. तिसरे उत्तर मिळायला सर्वांत जड जाते. तरीही त्याचाच आग्रह धरावा.

त्यानंतर समोरचे निर्णय परत फिरवता येण्याजोगे आहेत का, हे पाहावे. ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी भागधारकांना लिहिलेल्या 2015 च्या पत्रात एकेरी आणि दुहेरी दरवाजांची उपमा याच भेदासाठी वापरली होती : दुहेरी दरवाजातून परत येता येते, एकेरीतून नाही. एखादी लायब्ररी (इतरांनी लिहिलेला तयार कोड) निवडणे हा दुहेरी दरवाजा आहे. तो निर्णय टीमने स्वतःच, शक्यतो त्याच दिवशी घ्यावा. डेटाची मूळ रचना, मुख्य डेटाबेस किंवा दीर्घ मुदतीचा क्लाउड (भाड्याने घेतलेल्या सर्व्हरचा) करार बदलणे मात्र फार महागात पडते. नेटफ्लिक्सच्या डेटाबेसमध्ये 2008 च्या ऑगस्टमध्ये बिघाड होऊन डीव्हीडी पाठवणे तीन दिवस ठप्प झाले, तेव्हा कंपनीने क्लाउडवर जाण्याचे ठरवले. ते स्थलांतर पूर्ण व्हायला 2016 चा जानेवारी उजाडला. एवढा काळ चालणाऱ्या कामाला व्यवसायाचा भक्कम आधार नसेल, तर ते अर्ध्यावर सुटते.

अशा प्रत्येक मोठ्या निर्णयाची एका पानात मावेल अशी नोंद ठेवावी. तीत निर्णय आणि पर्याय तर असावेतच, पण व्यवसायाविषयीचे गृहीतक आणि फेरविचाराची अट हीदेखील असावी. उदाहरणार्थ : ‘सर्व ग्राहकांचा डेटा सामायिक डेटाबेसमध्ये ठेवू, कारण पुढील 18 महिने आपण लहान व्यावसायिकांनाच विकणार आहोत, स्वतंत्र डेटाबेस मागणाऱ्या तीन ग्राहकांशी बोलणी सुरू झाली, की हा निर्णय पुन्हा चर्चेला घ्यावा.’ माझ्या मते यातला शेवटचा भाग सर्वांत मोलाचा आहे, कारण कोडची एक ओळही न वाचणारा विक्री प्रमुख त्या अटीवर लक्ष ठेवू शकतो.

वॉर्ड कनिंगहॅम यांनी 1992 मध्ये रूढ केलेली ‘तांत्रिक कर्जा’ची (आज घाईने केलेल्या कामाची किंमत पुढे वाढीव श्रमांत मोजावी लागते, ही) कल्पनाही याच भाषेत मांडावी. ‘कोड किचकट झाला आहे’ असे म्हटल्याने वित्त विभागाला काहीच बोध होत नाही. ‘पेमेंटचा नवा पर्याय जोडायला पूर्वी दोन आठवडे लागत, आता आठ लागतात’ असे सांगितले, तर त्या कर्जाचे व्याज त्यांना स्पष्ट दिसते आणि ते फेडायचे की वाहून न्यायचे, हे ठरवता येते.

दर तिमाहीला विक्री, उत्पादन, वित्त आणि तांत्रिक विभागांच्या प्रमुखांनी या नोंदी समोर ठेवून प्रत्येक गृहीतक अजून खरे आहे का, एवढेच तपासावे. त्यासाठी लांबलचक सादरीकरणाची गरज नाही. ज्या कामामागचे गृहीतक कोणालाच सांगता येत नाही, ते तिथेच थांबवावे आणि त्यावरची माणसे पुढे कोणते काम हाती घेणार, हे बैठक संपण्यापूर्वी ठरवावे.