नाकाचं छोटं ऑपरेशन दवाखान्यातच होणार आहे? या चुका टाळा

नाकाच्या आत बाजूला मांसल उंचवटे असतात, त्यांना टर्बिनेट म्हणतात. ते वाढले की रेडिओफ्रिक्वेन्सीने, म्हणजे रेडिओलहरींच्या उष्णतेने, आकसवायचं काम आता बऱ्याचदा दवाखान्याच्या खुर्चीतच होतं. भूल नाकापुरती, आणि त्याच दिवशी घरी. त्यामुळे लोक ते दाढ काढण्याइतकंही मनावर घेत नाहीत.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती न सांगितलेल्या गोळ्यांची. ‘काही चालू नाही’ म्हणतात, आणि रक्त थांबेना झालं की कळतं, रोज ॲस्पिरिन घेतात. तिचा परिणाम ७ ते १० दिवस टिकतो. पण म्हणून मनानेच बंद करू नका. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळी, असेल तर गोळी थांबवणं नाकातल्या रक्तापेक्षा कितीतरी धोक्याचं. हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलीनचे थेंब महिनोन्‌महिने घालत असाल तर तेही आधी सांगा. आठवड्याच्या वर घातले की तेच नाक चोंदवतात. ती सवय तशीच राहिली तर ऑपरेशनचा गुण टिकत नाही.

डॉक्टरांनी उपाशी यायला सांगितलं नसेल तर थोडं खाऊन या. रिकाम्या पोटी, घाबरल्यावर खुर्चीतच चक्कर येते. भुलेच्या औषधात ॲड्रेनालिन असेल तर काही मिनिटं छातीत धडधडतं. गप्प बसू नका, सांगा.

खरी कसोटी घरी आल्यावर. पहिले काही दिवस नाक आधीपेक्षाही जास्त बंद वाटतं. ती सूज असते, ऑपरेशन फसलेलं नसतं. मग खपल्या धरतात, दोन-तीन आठवडे राहतात, आणि बोट आपोआप नाकात जातं. खपली उपटली की खालची जखम उघडते. त्याऐवजी उकळून गार केलेल्या ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, डॉक्टर सांगतील तेव्हापासून नाक धुवा. नळाचं पाणी तसंच वापरू नका. जोरात शिंकरू नका. शिंक आली तर तोंड उघडून द्या. तपकीर ओढणाऱ्या आजी-आजोबांनी डबी दूर ठेवावी.

रक्त आलं तर मान मागे टाकू नका, ते घशात उतरतं. पुढे वाकून बसा, नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरा आणि घड्याळ लावून १५ मिनिटं सोडू नका. मधेमधे उघडून बघितलं की धरलेली गुठळी सुटते. त्यानंतरही वाहत राहिलं, ताप चढला किंवा नजरेत फरक पडला, तर रात्र असली तरी निघा.